जुनी साधी पिकअप की नवी कर्जाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुनी, साध्या पंपाची पिकअप घ्यावी की हप्त्यावर नवी काढावी, या विषयावर बरीच पत्रं आली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून सात पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची सहा एकर शेती आहे. निम्मी द्राक्षं, बाकी कांदा आणि भाजीपाला. माल पिंपळगाव-लासलगावला न्यायचा, येताना खतं-औषधं आणायची. महिन्याला सातशे किलोमीटरच्या वर गाडी फिरणार नाही. नवी पिकअप घ्यायची तर आठ लाखांचं कर्ज काढावं लागतं. दुसरीकडे जिल्ह्यातच पासिंग झालेली २०११ ची बोलेरो पिकअप तीन लाखांत सांगतायत. भाऊ म्हणतो, जुनी म्हणजे रोजची डोकेदुखी. काय करावं?

उत्तर : तुमच्या फिरण्याच्या हिशेबाने जुनीच घ्या. मात्र त्या गाडीची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि कागदपत्रं धड असली पाहिजेत.

आधी पैशांचं बघू. आठ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता १७,००० रुपयांच्या आसपास बसतो. गाडी दारात उभी असली तरी तो भरावाच लागतो, आणि शेतीमालाची गाडी वर्षातले कितीतरी दिवस उभीच असते. जुनी गाडी डिझेल जास्त पिते हे खरं आहे. तिचं अॅव्हरेज ११ आणि नवीचं १४ धरा. सातशे किलोमीटरला जुनीला साधारण ६४ लिटर लागतं, नवीला ५०. लिटरला ९० रुपये धरले तर फरक साडेबाराशे रुपयांच्या आसपास राहतो. थर्ड पार्टी विम्यात तर फरकच नाही. तो हप्ता गाडीच्या एकूण वजनावर ठरतो, वयावर नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरपत्रकात तो १६,०४९ रुपये आहे, जीएसटी वेगळा. जुन्या गाडीसाठी दरमहा सहा हजार रुपये दुरुस्तीच्या नावाने बाजूला टाकले तर वर्षाला ७२,००० होतात. धड गाडीला त्यात क्लच, टायर, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), नोझल (डिझेल फवारणारी तोटी) असं एकेक काम करत राहता येतं.

पैशांपेक्षाही मोठं कारण तुमच्या फेऱ्यांच्या स्वरूपात आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ या प्रदूषण मानकाच्याच गाड्या विकल्या जातात. यातल्या अनेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो काजळी साठवतो आणि भरत आला की जाळून साफ होतो. त्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात सलग पळावी लागते. तुमचं काय होणार? शेतातून आठ-दहा किलोमीटर बाजार समिती, तिथे लिलावाच्या रांगेत दोन तास गाडी चालू-बंद, पुन्हा घर. फिल्टर साफ व्हायला सुरुवात होते आणि चालक चावी काढतो. असं वारंवार झालं की जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि ऑइल पातळ होतं. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा दम कमी केला जातो आणि पुढचं काम स्कॅनर असलेल्या वर्कशॉपमध्येच होतं. हा गाडीतला दोष म्हणता येणार नाही. ती हायवेवर सलग पळण्यासाठी बनली आहे आणि तुमचं काम तसं नाही.

२०११ च्या गाडीत यातलं काही नाही. बोलेरो पिकअपचं २,५२३ सीसीचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन असो की टाटा २०७ डीआयचं २,९५६ सीसीचं, रचना साधी आहे. गिअरवर फिरणारा पंप, त्यातून निघालेल्या चार लोखंडी नळ्या आणि चार नोझल. इंजिन चालू राहायला वीज लागलीच तर पंपाचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल बंद करणारा विजेचा वॉल्व्ह) उघडा ठेवण्यापुरती, आणि ओढून बंद करायची केबल असेल तर तेवढीही नाही.

एक खबरदारी घ्या. नुसत्या सालावर जाऊ नका, बॉनेट उघडून बघा. पंपातून निघालेल्या चार नळ्या थेट चार नोझलला जात असतील तर तो जुना यांत्रिक पंप. पंपाची नळी आधी एका जाड आडव्या रेलला जात असेल आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचं सॉकेट असेल तर ती कॉमन रेल. २०१० पासूनच मुंबई, पुणे, सोलापूरसह देशातल्या १३ शहरांत बीएस-४ लागू होतं, बाकी देशभर ते १ एप्रिल २०१७ ला आलं. त्यामुळे २०११ चीच गाडी पुणे पासिंगची असेल तर आतून वेगळी निघू शकते. बीएस-४ ची, डीपीएफ नसलेली कॉमन रेल गाडी हा मधला मार्ग आहे आणि तो वाईट नाही. तिचं अॅव्हरेज चांगलं असतं. पण यांत्रिक नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडतो, तर कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुष्कळ वर जातो. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमधलं थोडंसं पाणीसुद्धा तिचे इंजेक्टर खराब करतं. शेतावर ड्रममधून डिझेल भरायची सवय असेल तर ती घेऊ नका.

प्रश्न : आटपाडी भागात जुन्या पिकअप बऱ्याच विक्रीला आहेत. एजंट इंजिन चालू करून दाखवतो, आवाज चांगला वाटतो. आम्हाला यातलं फार कळत नाही. बघायला गेल्यावर काय काय तपासावं?

उत्तर : इंजिन सगळ्यात शेवटी बघा. ते कुठल्याही तालुक्याच्या गावात बांधून मिळतं. बोअर, पिस्टन-लायनर किट, क्रँक घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग, हे सगळं ठरलेलं काम आहे. पिचकलेली किंवा तडकलेली चासी मात्र पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

जाताना बॅटरी, तारेचा ब्रश, छोटा हातोडा, जॅक आणि जुनं कापड न्या. गाडीखाली झोपायचंच आहे अशा कपड्यांत जा. मागच्या पाट्यांचे हँगर चासीला जिथे रिव्हेट केलेत ती जागा ब्रशने घासा. माती निघाल्यावर रिव्हेटच्या भोकापासून निघणारी बारीक काळी रेघ दिसली तर ती तडा असण्याची दाट शक्यता. जादा माल भरलेल्या गाडीची चासी बहुधा इथे किंवा केबिनच्या मागे, हौदा सुरू होतो त्या ठिकाणी तुटते. तिथे नव्या रंगाचा पट्टा, वेल्डिंगचा उंचवटा किंवा वरून ठोकलेली प्लेट दिसली तर किंमत विचारण्याआधीच निघा. मग हौदा आणि चासी यांच्यातल्या फटीत टॉर्च मारा. तिथे लाकडी किंवा रबरी पट्टी असते, ती ओल धरते आणि लोखंड आतून खात जाते. हातोड्याने हलकेच ठोका. जाड पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द वाजतो आणि पापुद्रे पडतात. शेवटी चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

पुढचं चाक जॅकवर उचला. वर आणि खाली हात ठेवून हलवलं आणि प्ले जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, ज्या गाडीला किंगपिन असेल तिथे किंगपिन. ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर जॉइंटचा. डाव्या-उजव्या बाजूने हलवून प्ले आला तर टाय रॉड एंड. ही कामं सोपी आहेत, भावात घासाघीस करायला उपयोगी पडतात.

आता इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ हात न्या. गरम असेल तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना अडचण आहे. रेडिएटरचं झाकणही इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाची साय दिसली किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी-चॉकलेटी चिखल दिसला तर हेड गॅसकेट किंवा हेड गेलेलं असू शकतं.

चालू केल्यावर धुराचा रंग बघा. एक-दोन मिनिटं पांढरा आणि मग साफ, हे चालतं. गरम झाल्यावरही पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा येत राहिला तर कॉम्प्रेशन कमी, नोझल खराब किंवा टायमिंग चुकलेलं. रेस दिली की निळसर येतो, म्हणजे ऑइल जळतंय. चढावर भाराखाली थोडा काळा धूर जुनी गाडी देतेच, पण रिकाम्या गाडीत सपाटीवर काळा येत असेल तर कुणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेलं आहे. दमदार वाटावी म्हणून विक्रीआधी हे हमखास करतात.

मग ऑइलचं झाकण सैल करून तिथेच ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि तोंडातून धुराचे झोत येत असतील तर रिंगा आणि बोअर गेले. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजून घेता आलं तर उत्तम. डीआय इंजिनात २५ ते ३० बार मिळाले तर निर्धास्त राहा. २० च्या खाली असेल, किंवा चार सिलिंडरांत आपसात तीन-चार बारपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन बांधायचा खर्च किमतीतून वजा करा.

एखादा सिलिंडर काम न करता नुसताच फिरतोय का हे ओळखायची जुनी पद्धत मेकॅनिककडून करून घ्या. आयडलिंगवर एकेका नोझलची नळी अर्धा आटा सैल करायची. इंजिन लगेच अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर तिथे दोष आहे. नटवर कापड धरा आणि हात दूर ठेवा, कारण दाबाखालच्या डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. कॉमन रेल गाडीवर हा प्रयोग कधीही करू नका, तिथला दाब जीवघेणा असतो.

चालवून बघताना अर्धा टन तरी वजन मागे असू द्या. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगात जोरात रेस दिली आणि आवाज वाढून गाडी मात्र तेवढी पुढे गेली नाही तर क्लच प्लेट संपली. अॅक्सिलरेटर दाबला की मागून घरघर, सोडला की बंद, हा डिफरन्शियलचा आवाज. सोडता-दाबताना एकदा ‘टक्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. दुसरा गिअर टाकताना कर्कश वाजत असेल तर सिंक्रो रिंग गेली, ते काम गिअरबॉक्स उतरवूनच होतं.

प्रश्न : बघितलेल्या गाडीला मालकाने मागे तीन जादा पाटे टाकलेत. ‘दोन टन सहज ओढते’ म्हणतो. हा फायदा समजावा का?

उत्तर : नाही. जादा पाटे हा त्या गाडीने काय भोगलं याचा पुरावा आहे. पाटे वाढवल्याने गाडी खाली बसत नाही एवढंच. अॅक्सल, व्हील बेअरिंग, ब्रेक आणि चासी होती तेवढ्याच ताकदीची राहते. आणखी एक गोष्ट बघा. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलपासून चासीवरच्या एका वॉल्व्हला बारीक दांडी जोडलेली असते. गाडी भाराने किती बसली यावरून तो वॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की भार असूनही त्याला गाडी रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. मग कुणीतरी ती दांडी तारेने वर बांधून टाकतो. अशा रिकाम्या गाडीने पावसात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरते.

अशी गाडी घ्यायचीच असेल तर जादा पाटे काढा, दांडी मूळ मापात लावा आणि यू-बोल्ट नवे टाका. पाचशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नका, नवे पाटे बसले की ते सैल पडतात. आणि आरसीवर लिहिलेल्या वजनातच माल भरा. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल जागेवर उतरवावा लागतो.

प्रश्न : आम्ही दोडामार्गचे. गोवा पासिंगची २०१३ ची पिकअप स्वस्तात मिळतेय. आधी मासळी वाहत होती. इंजिन एकदम छान आहे. घ्यावी का?

उत्तर : मासळीची गाडी शक्यतो टाळा. खोक्यांतला बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या फळ्यांतून रोज चासीवर ठिबकतं आणि चासीच्या पोकळ भागात साठून राहतं. बाहेरून रंग चकचकीत असला तरी गंज आतून बाहेर येतो. ब्रेकच्या लोखंडी नळ्या हौद्याखालूनच मागे जातात, त्या नखाने खरवडून बघा. पापुद्रा निघाला तर मागेपर्यंत सगळ्या नळ्या बदलाव्या लागतील. पाट्यांच्या मधल्या फटीत तांबडा गंज फुगून पाटे एकमेकांपासून उचललेले दिसतात, ते केव्हाही तुटतात. हौदा उतरवून दाखवायला मालक तयार असेल तरच पुढे जा. चार-सहा बोल्टचं काम आहे, प्रामाणिक विकणारा नाही म्हणत नाही.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. गोव्याची गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिकडच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो, इथे नवा नंबर आणि इथला कर. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ परराज्याच्या नंबरवर गाडी ठेवता येत नाही. हा सगळा खर्च मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते बघून घ्या. लांज्याकडची किंवा घाटावरची, भाजीपाला वाहिलेली गाडी थोडी महाग पडली तरी परवडेल.

प्रश्न : मी नगर-पुणे रोज कुरिअरचा माल नेणार आहे, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर. जुनी २०७ घेऊ की नवी?

उत्तर : नवी घ्या. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर सहा हजारांच्या वर किलोमीटर होतात. वरच्याच अॅव्हरेजने हिशेब केला तर डिझेलमध्ये दरमहा जवळपास अकरा हजारांचा फरक पडतो, म्हणजे हप्त्याचा मोठा भाग तिथूनच निघतो. सलग हायवेवर चालणाऱ्या गाडीचा डीपीएफ आपोआप साफ होत राहतो. शिवाय तुमचा माल वेळेवर पोचला नाही तर कंत्राट जातं. नव्या गाडीत एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी व्यवस्था) मिळतं, जुन्या पिकअपमध्ये ते नसतं, आणि रोज रात्रीच्या हायवेवर याची किंमत मोठी आहे. धूर साफ करायला युरियाचं द्रावण लागणारी गाडी घेतलीत तर ते सीलबंद कॅनचंच टाका, ३२.५ टक्क्यांचं. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकणाऱ्यांचं सगळं एक्झॉस्ट कामातून जातं.

प्रश्न : जुन्या मालवाहू गाडीची कागदपत्रं काय बघायची? पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच द्यावी लागते का? साध्या कारच्या लायसन्सवर चालते का?

उत्तर : शेवटापासून सुरू करू. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्ट शेरा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं आहे.

पंधरा वर्षं झाली म्हणून खासगी मालकाची गाडी आपोआप भंगारात जात नाही. ती सक्ती सरकारी गाड्यांना आहे, एप्रिल २०२३ पासून. तुमच्या गाडीला दरवेळी पासिंग मिळालं पाहिजे. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं. पंधरा वर्षांनंतर त्याची फी बरीच वाढते, म्हणून २०११-१२ ची गाडी घेताना पुढच्या पासिंगची फी परिवहनच्या पोर्टलवर आजच बघून ठेवा. मुंबई महानगरात चालवायची असेल तर जुन्या व्यावसायिक गाड्यांचे तिथले नियम आरटीओत वेगळे विचारा.

पासिंगची मुदत संपलेली गाडी ‘करून देतो’ या शब्दावर घेऊ नका, आधी पासिंग करून मागा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, त्याची पावती बघा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, वर असेल तर लागतं. पिकअपची मॉडेलं या आकड्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे आरसी वाचूनच ठरवा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवलेली असावी. थकलेली ई-चलनं नंबर टाकून बघता येतात, ती विकणाऱ्याकडून भरून घ्या.

कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नुसत्या सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी चालवत राहणं फार धोक्याचं आहे. अपघात झाला तर कागदावर मालक दुसराच निघतो आणि विमा कंपनीला आडकाठी घालायला जागा मिळते.

प्रश्न : उदगीरहून लिहितो. जुनी टाटा २०७ घेतली. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू होते. मेकॅनिक पंप उतरवायला सांगतो. तसंच, अल्टरनेटर रिवाइंड करून आणल्यापासून ब्रेकचं पेडल कडक झालंय. याचा त्याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : पंप इतक्यात उतरवू नका. सकाळी सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरपाशी उभं करा. पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, तेव्हा कॉम्प्रेशन, नोझल, टायमिंग तपासा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाहीये. दिवसभर गाडी लगेच चालू होते म्हणजे रात्रीत लाइन एअर घेते आणि डिझेल टाकीत परत उतरतं, हीच शक्यता मोठी. खात्री करायला सकाळी चावी लावण्याआधी डिझेल लाइनवरचा हातपंप कडक होईपर्यंत मारा. मग एका सेल्फला चालू झाली तर दोष लाइनमध्येच आहे.

शोधायची पद्धत अशी. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती अर्धा मीटर पारदर्शक डिझेल पाइप लावा. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले तर फीड पंपाची इनलेट नळी टाकीपासून सोडवून स्वच्छ डिझेलच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये घाला. बुडबुडे थांबले तर टाकीकडची नळी किंवा तिचा रबरी जोड चिरला आहे. नाही थांबले तर बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या वाटीची रबर रिंग, हातपंप आणि फीड पंपाचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह या क्रमाने बघा. वॉशर प्रत्येक वेळी नवे टाकावेत. नवे हाताशी नसतील तर जुने लालभडक तापवून थंड करा, तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. फीड पंपाच्या इनलेट बोल्टखाली बारीक जाळी असते, ती बहुतेक वेळा कुणी उघडलेलीच नसते. तिच्यातला कचरा काढा.

नंतर एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की पंप मारत असतानाच आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. तरीही चालू झाली नाही तर दोन नोझलच्या नळ्या सैल करून सेल्फ मारा, डिझेल दिसलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

हे सगळं करूनही पंपाच्या अंगावर ओल दिसत असेल तरच पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे न्या. २०२० पासून सगळीकडे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचं डिझेल मिळतं, बीएस-३ च्या काळात ते ३५० पीपीएमपर्यंत होतं. जुनी, ताठरलेली रबर सीलं नव्या डिझेलमध्ये आक्रसून गळायला लागतात. सील किट बदलताना व्हिटॉन रबराचं मागा.

पेडलचा संबंध नक्की आहे. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार करावा लागतो आणि या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागेच असतो. त्याला इंजिनमधून बारीक नळीने ऑइल येतं आणि जाड पाइपने परत जातं. रिवाइंड करताना ती बारीक नळी दबली, किंवा पंपातली पाती उलटी बसली की व्हॅक्यूम बनत नाही. पातीची गोल कड बाहेर, भिंतीकडे असायला हवी. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबा, दाबलेलंच ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरचा पाइप पंपाकडून काढून अंगठा लावा. ओढ जाणवली नाही तर पंप, जाणवली तर पाइपचा एकमार्गी वॉल्व्ह किंवा बूस्टर. पाइपमध्ये ऑइल दिसलं तर वॉल्व्ह बदला, नाहीतर ते बूस्टरच्या रबराचा नाश करतं. ऑइलशिवाय फिरणारा व्हॅक्यूम पंप थोड्याच दिवसांत जाम होतो. हे काम होईपर्यंत गाडीत माल भरू नका, आणि ती घाटात तर नेऊच नका.